पूर्ण नावाची सही

माझी नात ऋजुता जर्मनीहून आलेला नकाराचा ईमेल वाचून बसली होती, तेव्हा तिच्याच लॅबमधला सुयोग पेढे घेऊन आला. तिने अर्ज केलेली मशीन लर्निंगमधली पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा त्याला मिळाली होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो तिला म्हणाला. "त्यांना तयार नमुने असलेला माणूस हवा होता."

त्याने मोबाइलवर आपला शोधनिबंध दाखवला. उतारवयात लिहायला शिकलेल्यांचं अक्षर मशीनला कसं वाचता येईल, हा तर ऋजुताचा विषय. त्यात छापलेल्या हस्ताक्षराच्या चित्रात प्रत्येक ओळीआधी ठिपका होता. आधी पेन टेकवल्याशिवाय माझा हात चालत नाही. तिच्यासाठी दोन वर्षं मी वह्या भरल्या होत्या.

"हे अक्षर माझं आहे," मी म्हणाले.

"हो आजी. तुमचं संमतीपत्र आहे ना माझ्याकडे."

ऋजुता माझ्याकडे बघत राहिली.

दिवाळीला फराळ खाता खाता त्याने वह्यांचे फोटो काढले होते. "ऋजुताच्याच कामाचं आहे, आजी," म्हणत कागद पुढे केला होता. साठीनंतर शिकलेली पूर्ण नावाची सही मी ऐटीत ठोकली.

अंगठा उठवायचे तेव्हा निदान विचारायचे तरी, कागदावर काय लिहिलंय.