दहा मार्कांचा प्रश्न

गोदाबाईचा मुलगा अंकुर विहिरीत बुडाला, त्याला तीन महिने झाले. शेजारची मंजुषा अमरावतीला तत्त्वज्ञान शिकते आणि मेलेला माणूस कुठं जातो ते तिच्या पुस्तकात असतं, असं कुणीतरी म्हणालं. मंजुषा दिवाळीला गावी आली, तशी गोदाबाई ऐन बाजारात झेंडूचं टोपलं टाकून तिच्या दारात जाऊन बसली आणि अंकुर कुठं गेला ते विचारलं.

"हा प्रश्न तर दरवर्षी दहा मार्काले येते, काकू!" मंजुषानं हौसेनं वही उघडली. आत्मा उरतो म्हणणारे, काहीच उरत नाही म्हणणारे, दोघांनाही खोडून काढणारे, सगळे वाचून दाखवले.

गोदाबाईनं पदरानं डोळे पुसले. "मले येवढंच सांग बाई, याच्यातलं खरं कोनतं हाय?"

मंजुषानं पानं मागंपुढं चाळली. मग वही मिटली.



"काकू, ते पेपरात विचारत नाही."