नुसता फ्लॅश

आखाडा बाळापूरच्या लग्नात फोटोग्राफर धम्मानंदच्या कॅमेऱ्याची डुप्लिकेट बॅटरी अर्धी भरलेली दाखवता दाखवता एकाएकी बसली. नेमके तेव्हाच नवरीचे आजारी वडील जळबाकाका लेकीशेजारी येऊन टेकले.

"आमचा दोघांचा एक काढ, धम्मा. मी आजवर फोटो काढलाच न्हाई."

कॅमेरा बंद पडलाय हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली. फ्लॅशचे सेल वेगळे होते. त्यानं नुसता फ्लॅश मारला.

"आला का बराबर?"

"एक नंबर, काका."

पंधरवड्यात काका वारले. त्यांची लेक सपना सासरहून मातीला आली, ती तिथून थेट धम्मानंदच्या दुकानात, तो फोटो मागायला. फोटो निघालाच नव्हता, तरी धम्मानंद कार्ड तिसऱ्यांदा चाळत राहिला.



"मी सासरी जाताना बाबा म्हणले," सपना सांगत होती, "रडू नको पोरी, मी धम्माकडं हाय."