एकशे बारावं पान

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयात सगळे जमून आपलं त्या महिन्यातलं आवडतं पुस्तक सांगत. काकूंची पाळी आली की काका स्वतः लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवत आणि काकू ती मुकाट्याने वाचून दाखवत. घरात आलेलं प्रत्येक पुस्तक आधी काका वाचत; कुठे हसायचं, कुठे थांबून विचार करायचा, तेही पेन्सिलीने समासात लिहून ठेवत.

या वेळी ग्रंथपालबाईंनी चिठ्ठीवर हात ठेवला. "काकू, हे काकांचं झालं. तुम्हाला काय आवडलं?"

काकूंनी चिठ्ठी बाजूला ठेवून पुस्तक मांडीवर घेतलं. "एकशे बारावं पान."

"अगं बाई! असं काय आहे त्यात?"

"काही नाही. एक बाई एकटीच चहा पीत बसते. पण ते पुढच्या पानाला चिकटलेलं होतं, मी सुरीने सोडवलं. तिथे यांची पेन्सिल पोचलेली नाही."

"काका, सापडलात की!" सगळे खो खो हसले. काका तर सगळ्यांपेक्षा जोरात हसले.

"बरं झालं सांगितलंस हो," म्हणत त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि काकूंच्या मांडीवरचं पुस्तक उचलून घेतलं.