पश्चिमेची बाल्कनी

"आई, इथे दुपारशिवाय ऊन येत नाही," अपूर्वा फोनवरची नजर न काढता म्हणाली.

"मिरजेला तरी कुठे यायचं?" दमयंतीबाईंनी बाल्कनीत प्लास्टिक अंथरलं, कोपऱ्यांवर सोया सॉसच्या बाटल्या ठेवल्या आणि उडदाचे पापड मांडायला घेतले. "तीही गॅलरी पश्चिमेचीच. सावलीत काय वाळवतेस म्हणून तुझे बाबा हसायचे. आणि ऊन आलं की स्वतःच पेपर घेऊन मधोमध उभे! रोज ओरडावं लागायचं, 'अहो, सावली!'"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मिरजेचा फ्लॅट गेल्या महिन्यात विकला आणि आई जपानला, इचिकावाला, अपूर्वाकडे आली.

अपूर्वाचं लक्ष फोनवरच होतं. आठ दिवसांपूर्वी तिच्या संस्थेचं यान चंद्रावर नेमक्या जागी उतरलं आणि उतरता उतरता कलंडलं. सौर पॅनेलं पश्चिमेकडे तोंड करून राहिली, आणि तिथे तेव्हा सकाळ होती. बॅटरी संपायच्या आत यान बंद करावं लागलं. तिनं चार वर्षं खपून जुळवलेल्या कॅमेऱ्यानं अजून एकही फोटो काढला नव्हता.

"मग आता?"

"तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा. आज तिथे दुपार कलायला लागेल. पॅनेलवर ऊन पडलं की जागं व्हायला हवं. कंट्रोल रूममधून मोरी-सान कळवतील."

"मग होईल की."

"ऊन पडेल गं. पण आपटल्यावर आत काय शाबूत आहे, कुणाला माहीत?"

 आई उंबऱ्याशी पाट घेऊन बसली.

साडेबाराला ऊन कठड्यावर आलं. मग खाली उतरून पापडांच्या पहिल्या रांगेला लागलं. दुसऱ्या रांगेपर्यंत पोचलं तेव्हा फोन वाजला.

सिग्नल आला होता. कॅमेरा चालू होता. संदेशाखाली एक फोटो होता: तिरका, करडा उतार, आणि प्रत्येक दगडामागे लांब काळी सावली.

अपूर्वाला खोलीत थांबवेना. पापड ओलांडून ती कठड्यापाशी गेली, वळली आणि दोन्ही हातांनी फोन आईसमोर धरला. 

आईनं उन्हात डोळे बारीक करून वर पाहिलं.

"अहो, सावली!" ती म्हणाली.

अपूर्वा मुकाट्यानं बाजूला झाली.