साधी गोळी

दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला तेव्हा सारिका लेकीची दुपटी वाळत घालत होती. आधीची दोन बाळं सातव्या महिन्यातच जन्मून गेली होती. म्हणून तिसऱ्या खेपेला तिने नव्या औषधाच्या चाचणीत नाव दिलं. निम्म्या बायकांना औषधाची गोळी, निम्म्यांना साधी. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. लेक दिवस भरून जन्मली. तेव्हापासून सारिका त्या गोळीला मनोमन हात जोडत होती.

"चाचणी संपली, सारिकाताई. तुमची गोळी साधी होती. औषध नव्हतं तिच्यात."

"मग ही कशी वाचली?"

"ते नाही सांगता येत. पण औषध गुणकारी निघालं."

"हे कसं कळलं?"

"औषधवाल्यांची बाळं जास्त वाचली. साध्या गोळीवाल्यांची... तेवढी नाही."

सारिकाला आनंद होईना, रागही येईना. तपासणीच्या रांगेत शेजारी बसणाऱ्या बायकांचे चेहरे आठवू लागले. त्यांतल्या किती जणी रिकाम्या हातांनी घरी गेल्या असतील, तिला कळेना. तिने झोपलेल्या लेकीला उचललं. लेक रडू लागली, तरी तिने तिला खाली ठेवलं नाही.