किल्ली फिरत नाही

थोरल्या बहिणीला जुळी झाली त्या वर्षी त्याने घर घेतलं. घर त्याच्यापुरतं नवं. आधी त्यात दुसरं एक कुटुंब नांदून गेलं होतं. सामान लागलं आणि बायकोने किल्लीवाल्याला बोलावलं.

किल्लीवाल्याने दारापुढे बैठक मारली आणि कुलूप निरखून बघितलं.

"कुलूप दणकट आहे. काढून नवं बसवू, की फक्त आतलं बदलू?"

"फरक काय?" त्याने विचारलं.

"नवं बसवलं तर जुनी किल्ली शिरणारच नाही. आतलं बदललं तर शिरेल, पण फिरणार नाही. वरून बघाल तर कुलूप तेच."

"आतलंच बदला," बायको आतून म्हणाली.

तिच्या मनातलं त्याला कळलं. एक जुनी किल्ली त्याच्या वडिलांकडे होती. रंगकाम चालू असताना रोज येऊन रंगाऱ्यांवर लक्ष ठेवलं ते त्यांनीच. घर लागल्यावरही त्यांचं येणं सुटलं नव्हतं. दुपारी शिंप्याच्या दुकानातून, कामावरून सुटले की आपल्या खोलीवर जायच्या आधी इकडे, किल्ली लावून सरळ आत. परवा ती न्हाऊन बाहेर आली, तर सासरे स्वयंपाकघरात डबे खालीवर करत उभे. "सूनबाई, मोठा डबा नेहमी खाली असावा," हे वर शिकवणं.

"मी सांगून बघू का त्यांना?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही? वडील समोर आले की मूग गिळून बसता. लग्न झाल्यापासून बघतेय."

"मग नवंच बसवू. नवं दिसलं की ते आपणहून विचारतील."

"आणि तुम्ही काय उत्तर देणार आहात? अहो, सुंठीवाचून खोकला जातोय, तर जाऊ द्या की."

किल्लीवाल्याने मान वर केली नाही. असलं बोलणं त्याने पुष्कळ दारांत ऐकलं असावं.

"आतलंच बदला," तो किल्लीवाल्याला म्हणाला.

दोन दिवसांनी अंगात कणकण होती म्हणून तो घरीच पडून होता. बायको कामावर गेली होती. दुपारी किल्ली कुलपात शिरल्याचा आवाज आला. शिरली, अडली, बाहेर आली. पुन्हा शिरली. तो उठून दारापाशी गेला आणि तिथेच थांबला. पलीकडे वडिलांना धाप लागली होती.

"हात्तिच्या," वडील स्वतःशीच म्हणाले.

घरात कोणी नाही असं समजून त्यांनी घंटी वाजवली नाही. दार उघडून काय सांगायचं हे याला सुचेपर्यंत चपला जिना उतरून गेल्या.

पुढे बरेच दिवस वडील भेटले नाहीत. मग एका संध्याकाळी आले ते घंटी वाजवून. बायकोने दार उघडलं. "या," म्हणाली, खुर्ची पुढे केली. वडिलांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कात्री टेबलावर ठेवली. कापड बेतायची मोठी कात्री, अंगठ्याशी झिजून गुळगुळीत झालेली. याच्या शाळेची फी आणि बहिणीचं लग्न, दोन्ही या कात्रीतून निघालं होतं. दुकानात अजूनही अवघड कापड आलं की मालक त्यांच्याच पुढ्यात टाकायचा.

"हे काय, बाबा?"

"राहू दे तुझ्याकडे. दुकान सोडलं मी."

"असं एकदम?"

"अरे, हातातला जोर गेला. तुझ्या दाराची किल्ली फिरत नाही मला. आधी वाटलं, किल्लीच झिजली. बाजारात तिच्यावरून नवी करून घेतली, तीही फिरेना. तुझी फिरते ना?"

त्याने बायकोकडे बघितलं. ती टेबलावरचा नसलेला डाग पुसत होती.

"फिरते," तो म्हणाला.

"तेच म्हणतो मी. म्हणजे खोट कुलपात नाही."

"पण तुमच्या खोलीचं कुलूप तर तुम्हीच उघडता ना?" बायको एकदम बोलून गेली.

"ते कसलं कुलूप, सूनबाई! त्याला फुंकर मारली तरी उघडतं." वडील हसले. मग उजवा पंजा उघडून बघत राहिले. "लोक विश्वासाने कापड टाकतात. उद्या वाकडं कापलं तर तोंड कुठे लपवू? मालक म्हणाला, बसून काजं-बटणं करा. म्हटलं, तेवढं नको दाखवूस बाबा."

आतलं बदललंय, एवढंच बोलायचं होतं. शब्द जिभेवर आलेही. मग वडील विचारतील, कधी बदललंस? मग विचारतील, मला का नाही बोललास? त्यानंतर ते काही विचारणार नाहीत, नुसते बघतील.

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो."

"तेल लावत जा अधूनमधून. नाहीतर गंजेल."

बायकोने चहा आणला. वडिलांनी कप दोन्ही हातांनी धरला, लहान मूल धरतं तसा, आणि सांडू नये म्हणून मान खाली नेऊन प्यायले.

त्यानंतर ते घंटी वाजवूनच येत, आणि कुलपाचं सांगायचं राहूनच जाई. पुढच्या उन्हाळ्यात, बुधवारी सकाळी, वडील वारले.