पिल्लांच्या गळ्यातली कडी

उंब्रजच्या फाउंड्रीत लोखंड वितळवायला ड्रॅगन होता आणि वाळूचे साचे भरायला आम्रपाली. वीस वर्षांत दोघांनी पंपापासून इंजिनापर्यंत सगळं ओतलं होतं. परवा मालकाने तिच्यापुढे कड्याचा लाकडी नमुना टाकला. "असली चार ओत. ह्या ड्रॅगनची पिल्लं जतच्या माळावर घावलीत. गळ्यात घालून कामाला जुंपायचीत." आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं, बापाच्या जाळानं लेकरांच्या बेड्या करायच्या व्हय?" "जनावर हाय ते. त्याला काय कळतंय?" तिने कडं ड्रॅगनच्या नाकाशी धरलं. "बाबा, ह्ये तुज्या पिल्लांच्या गळ्यासाठी हाय!" ड्रॅगनने कडं हुंगलं आणि तो पत्रे हादरतील असा ओरडला. कराडच्या फाउंड्रीतल्या ड्रॅगनची साद आली. याने जबडा मिटला तो मिटलाच. सादेला साद जात दुपारी सांगलीपर्यंतच्या सगळ्या ड्रॅगननी जाळ थांबवला आणि भट्ट्या थंड पडल्या. पिल्लं धरून आणायला जतला निघालेल्या मालकाच्या गाडीपुढे आम्रपाली घण घेऊन उभी राहिली.